नणंदेसाठी उंदीर

—नाही, नाही, ही नको. ही तर खेळण्यातली वाटते, पांढरीशुभ्र, कान गुलाबी, हिला बघून कोण किंचाळणार? मला ती दाखव. ती गं, कोपऱ्यातली, अंगावर केस नसलेली. शी! सोललेल्या कोंबडीसारखी आहे की! आणि मानेवरच्या सुरकुत्या बघ, थेट माझी सासू. हो, हीच हवी मला. यामिला ना तुझं नाव? यामिला, पोरी, तू एवढी नीटनेटकी, नखं रंगवलेली, आणि मागच्या खोलीत हे असलं पाळतेस! आई काही म्हणत नाही तुझी? माझी मुलगी असतीस ना, तर या पिंजऱ्यांसकट रस्त्यावर काढली असती. राग नको मानू. ही झुल्मा तोंडाची फटकळ आहे, आमच्या गल्लीत कुणालाही विचार.

दोन? दोन कशाला, एकीत भागेल माझं—एकटी राहत नाही? खाणं सोडते? मग सोडू दे, उंदरीणच ती, राणी आहे का कुठली—बरं बरं, तोंड नको पाडू. दोन तर दोन. काय काय बघून घ्यायचं म्हणालीस? डोळे चकचकीत हवेत, नाक साफ हवं—अगं, हिच्या नाकाला रक्त आहे!—रक्त नाही? डोळ्यांतून तसलंच लाल पाणी येतं? शी, शी! थोडं असलं तर चालतं, सारखं यायला लागलं तर दुखणं. आणि श्वास ऐकायचा, कानाशी धरून. माझ्या कानाशी? तू धर तुझ्या कानाशी आणि मला सांग. घरघर नाही ना? माझ्या नवऱ्याची, ओमारची छाती रात्रभर घरघरते, त्याला नाही कुणी असा कानाशी धरून पारखला माझ्यासाठी. आणि हे शेपूट—खवले आहेत गं शेपटीला, सापासारखे! लांब धर, लांब. 

हो, आहेत की घरात माणसं. सगळ्यांना चालणार आहे का, म्हणजे? दुकानात पाव घेताना विचारतं का कुणी, घरच्यांना चालेल का म्हणून? मला चालतंय ना. ओमारला—ओमारला काही चालतही नाही आणि काही खटकतही नाही. आणि निबियाला, माझ्या नणंदेला, नाही चालणार. न चालण्यासाठीच नेतेय. असं काय बघतेस? ऐक आधी. हिवाळ्यात नदी चढली, तिकडे साल्तोला निबियाच्या घरात पाणी शिरलं. ओमार म्हणाला, “बहीण आहे, चार दिवस येऊ दे.” म्हटलं, ये बाई. पाणी उतरलं, भिंती वाळल्या, तिच्या शेजाऱ्यांची लिंबंसुद्धा पुन्हा धरली, आणि ही अजून माझ्या स्वयंपाकघरात! माझी भांडी तिनं उंचीप्रमाणे लावली. उंचीप्रमाणे! आणि सकाळ झाली की दोघं बहीणभाऊ मातेचा कडू चहा पीत बसतात, पोखरलेला एकच भोपळा, ओढायची एकच नळी—तिनं ओढायचं, पाणी घालायचं, मग त्यानं ओढायचं—आणि हसतात. मला म्हणायचा, पोटात आग होते, म्हणून तो कित्येक वर्षं माते पीत नव्हता. माझ्यासोबत पीत नव्हता. माझ्याशी बोलायची वेळ आली की कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवतो. तिच्याशी बोलताना घालतो. तू सांग, किळस कशाची यावी माणसाला, या शेपटीची की त्या नळीची?

म्हणून म्हटलं, उंदीर. उंदराला भिते ना ती. साधं नाही, नाव काढलं तरी पाय वर घेऊन बसते खुर्चीत. पाणी चढलं तेव्हा ही माळ्यावर चढून बसली होती, दिवे गेलेले, आणि पाण्यातून पोहत पोहत उंदीर वर आले—त्यांनाही जीव प्यारा—आणि तिच्या पायांवर, मांडीवर, केसांत. होडी येईपर्यंत. माझ्याच टेबलाशी बसून सांगितलं तिनं, रडत रडत, मी हात धरला होता तिचा—

का गं, दार का लावलंस पिंजऱ्याचं?

यामिला. अगं, मी काय तिच्या अंगावर सोडणार होते का? नुसता पिंजरा ठेवला असता, दिवाणखान्यात. उघड ना. नाही? असल्या कामासाठी देत नाहीस? वा! म्हणजे माणसापेक्षा—बरं. उघडू नको. बस मग अशीच बघत माझ्याकडे.

आणि तसंही ती जाणारच आहे. येत्या शनिवारी. घर दुरुस्त झालं, तिकिटं काढली. तिकिटं, हो. दोन. ओमार चाललाय सोबत. “पंधरा दिवसांत येतो, झुल्मा, तिच्या छताला रंग द्यायचाय.” मी म्हटलं, “मग बॅगेत लोकरीचा कोट कशाला?” तर म्हणे, “नदीवर गार वारा असतो.” म्हटलं, “डिसेंबरात? भर उन्हाळ्यात?” तर त्यानं कानातलं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

मग उंदीर कशाला, असंच ना? तुला नाही कळायचं. ती जाताना माझ्या दोन्ही गालांची पापी घेईल, “झुल्मा, किती केलंस गं माझ्यासाठी” म्हणेल, घरच्या मुरंब्याची बरणी हातात ठेवेल, आणि मागे हा, दोन बॅगा घेऊन, सुटल्यासारखं तोंड करून. ते नको होतं मला. मला ती किंचाळत जायला हवी होती. कुणीतरी किंचाळायला हवं ना त्या घरात, पोरी! एवढं सगळं होतंय आणि सगळे कसे गोड बोलतायत—

ए, ए! ही कुठून आली? तुझ्या खांद्यावर होती ना ही? बिनकेसाची नाही, ही दुसरी, करड्या पाठीची—अगं, बाहीत शिरतेय, काढ! काढ म्हणते ना! नखं बघ कशी लागतात हिची, गार, सुईसारखी... थांब. थांब जरा, ओढू नको. कोपराशी बसलीय. गरम आहे गं. एवढंसं अंग आणि काळीज केवढं धडधडतंय हिचं, माझ्या हातावर कळतंय मला.

ओलं काय लागलं?

मुतली! शी, शी, शी, माझ्या हातावर मुतली ही घाणेरडी! तू हसतेस काय, फडकं दे!—काय? ज्याला आपलं मानतात त्याच्यावर दोन थेंब टाकतात? हा कुठला मान म्हणायचा! दे ते फडकं, मी पुसते.

काय म्हणालीस? रविवारी? म्हणजे ती दोघं गेल्यावर?

हो. कुणी नसेल. मीच असेन.

तेव्हा देशील? मग ऐक, ती बिनकेसाची सासू आणि ही मुतरी, दोघी माझ्यासाठी ठेव, दुसऱ्या कुणाला दाखवूसुद्धा नको. आणि नावं सांगू नको मला त्यांची, मी ठेवीन काय ती. काढ आता हिला बाहीतून, हळू काढ, नख अडकलंय तिचं धाग्यात. आणि तू हसणं बंद कर. किळसच येतेय मला अजून. सरक, दार उघड, बस जाईल माझी.