मानेशी लाल

नणंद : आबांवर आळ घेत नाहीये गं, वहिनी. पोरीच्या मानेवरचा चट्टा बघ, एवढंच म्हणतेय.

वहिनी : बघितला. आणि आळ नाही तर काय, वन्सं? कापड माझ्या वडिलांच्या मागावरचं. कापडात खोट म्हणजे त्यांच्यात खोट.

नणंद : खोट नाही, चूक. सुतात मिसळायला जुन्या चादरी पिंजताना एखादी पॉलिस्टरची घुसली असेल. डोळे थकलेत त्यांचे.

वहिनी : डोळे थकलेत, बोटं नाहीत! बिनफवारणीचा कापूस शोधत उन्हातान्हात हिंडतात. जुन्या चादरीची माया, नव्या कापसाची काया, असं सूत आहे ते.

नणंद : मग ही का रडते? आपण शिवलेलं झबलं घातल्यापासून पाठ टेकू देत नाही. उद्या झबल्यांचा गठ्ठा दुकानात विकायला जायचा. माझी घरातल्या घरात रडली. लोकांची लेकरं रडली तर?

वहिनी : काडेपेटी आणा.

नणंद : अगं, काय करतेस?

वहिनी : कोपरा कातरून जाळते. सुती असेल तर राख, पॉलिस्टर असेल तर वितळून मणी होईल. झाला मणी, तर आबांना मीच सांगेन, माग थांबवा म्हणून.

नणंद : थांब, खाली थाळी धरू दे.

(काडी ओढल्याचा आवाज.)

वहिनी : घ्या वास.

नणंद : कागद जळल्यासारखा.

वहिनी : राख चोळा.

नणंद : पिठासारखी गं! आणि शिवणीचा दोरा?

वहिनी : तोही पेटवा. हं, राखच.

नणंद : मग मानेलाच का? पोट, पाठ, सगळं लोण्यासारखं आहे.

वहिनी : मानेशी काय असतं, वन्सं?

नणंद : काय असणार? आपलं लेबल.

वहिनी : कातरा.

नणंद : वेडी का तू? त्यावरच तर लिहिलंय, 'शुद्ध सेंद्रिय सुती'.

वहिनी : लिहिलंय खरं. पण कशावर लिहिलंय?

नणंद : हे कातरलं लेबल, दे ती काडी. अगं बाई! मणी झाला. टणक, काळा.

वहिनी : चकचकीत हवं, असा हट्ट कुणाचा होता?

नणंद : माझा. आणि 'झोकात दिसतंय' म्हणत मान कुणी डोलावली?

वहिनी : मी. चला, दोघी मिळून उसवू.

नणंद : हसतेस की रडतेस?

वहिनी : काय की. छातीवरचा धोंडा उतरला बघा.

नणंद : आबांना सांगू नकोस हं, मी संशय घेतला ते.

वहिनी : सांगणार तर! पोट धरून हसतील. 'विणलं मी, टोचलं तुम्ही', म्हणतील.

नणंद : मग नाव लावायचं कुठे?

वहिनी : बाहेरून, सुती फितीवर. मिरवायचं ते जगाकडे, मऊ ते लेकराकडे. घाला हिला हे उसवलेलं, मी पुढचं घेते.

नणंद : ये गं माझी बाय. असं... हात घाल...

वहिनी : का हो, एकदम गप्प झालात?

नणंद : शू. उताणी झोपलीय, वहिनी. मान टेकून.