दरीकडचा पाय

त्र्याहत्तर सालची गोष्ट. सोलापूर स्टेशनात तिकिटाच्या रांगेत गोजरबाईपुढं श्रीपूरचे रामहरी गाडीवान आणि रजा संपवून निघालेला त्यांचा शिपाई भाचा मानसिंग उभे होते.

“पायाला फळ्या बांधून बर्फावर घसरायचं? ह्यासाठी काश्मीरला धाडलं व्हय तुला?”

“नुसतं घसरायचं न्हाय, मामा. फळीच्या कडंला पोलादी पट्टी असती. ती बर्फात रुतवून वळायचं.”

“आन् तू वळतोस?”

“पडतो. पुढल्या म्हैन्यात परीक्षा हाय. नापास झालो की परत लंगरात रोट्या थापायच्या.”

“त्या तरी गोल येत्यात का?”

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला.

“उस्ताद म्हणतो, दरीकडच्या पायावर भार दे. माझं अंग डोंगराकडंच झुकतं. तुमीच शिकवलं की, उताराला गाडी कलली तर वरच्या अंगाला बसायचं.”

“गाडीत ऊस असतो, येड्या. तो उलटू नये म्हणून बसायचं. तुझ्या फळीवर काय हाय?”

“मी एकटाच.”

“मग डोंगराकडं कुणाला सावरतोस?”

रांग सरकली. मानसिंग मात्र डाव्या पायावर सगळा भार टाकून तिथंच उभा राहिला.

“आता काय झालं?”

“दरी ह्या बाजूला हाय, मामा.”

“मग दरीतली माणसं खोळंबलीत, बाबा,” मागून गोजरबाई म्हणाली. “सरक म्होरं.”