गाठ कुणी मारून बघितली?

हॅलो?… हो ताई, बोल… कारखान्यातच आहे, दुसरीकडे कुठे जाणार?… भाऊजींनी कान भरले वाटतं. शेजारीच बसलेत ना? बसू देत. त्यांनाही ऐकू दे.

नाही… नाही म्हणजे नाही. तो दोराचा माल मी बाहेर जाऊ देणार नाही.

हो, हो… अगं ऐक ना! मी रजेवर गेले, आणि भाऊजींनी दोराच्या मिश्रणातला तिसरा प्लास्टिकचा दाणाच काढून टाकला. का, तर त्याने वितळलेला रस दाटतो, मशीन हळू चालतं. आता रस पाण्यासारखा पळतोय म्हणून स्वारी खूश!… पळणारच. पण पहिले दोन दाणे, नायलॉन आणि दुसरं प्लास्टिक, एकत्र वितळले, तरी एक होत नाहीत, ताई. एकात दुसऱ्याचे थेंब तसेच राहतात… कसं सांगू… तुझ्या दोन्ही जावा एका घरात राहतात, पण मध्ये तू आहेस म्हणून घर चालतं. तसा तो तिसरा दाणा.

काय?… हो, ताण देऊन बघितला, पास झाला. सरळ ओढल्यावर होणारच पास! ओढताना ते थेंब केसासारखे लांबतात, धाग्याला लांबीत जोर येतो. पण दोराला माणसं गाठ मारतात ना? गाठ कुणी मारून बघितली?… कुणीच नाही! मी मारली. गाठीपाशी धागा उभा चिरत गेला, पार झाडू झाला त्याचा.

माहितीये गं, गिऱ्हाईक उद्या यायचंय… आणि त्या दोरावर लटकणार कोण? उंच इमारतींच्या काचा पुसणारी माणसं… "काही होत नाही"? मग भाऊजींनीच लटकावं. पहिल्याच मजल्यावरून. मी खाली गादी धरून उभी राहते.

हो, बोलते मी मोठ्यांशी असं… त्यांनी शिकवलं मला, विसरले नाही. पण ते उपकार मी दुसऱ्याच्या जिवावर फेडू?… कामावरून काढून टाकतील? टाकू देत… भीती? वाटते ना. पण मूग गिळून बसले, तर रोज झोपताना तो दोर दिसेल मला.

काय म्हणाले ते?… गाडी पाठवली? माल न्यायला? माझ्या नाकावर टिच्चून?… बरं. येऊ दे गाडी. थांब, फोन खांद्यात धरते…

…हॅलो? मोठ्याने बोल!… कसला आवाज? प्लास्टिकचा चुरा करायचा ग्राइंडर चालू केलाय… हो, तोच माल! रिळांवरून सगळा कापून काढलाय… सगळा म्हणजे सगळा!… ओरडू दे त्यांना, इथे काही ऐकू येत नाही…

नाही, फुकट नाही जायचा. सांग त्यांना, याच्या बादल्या होतील. बादलीला धरून कुणी हवेत लटकत नाही… काय?… ताई, तू हसतेयस?… मग हास की मोकळी, त्यांच्यासमोरच हास!… चल, ठेवते. अजून अर्धा ढीग बाकी आहे.