बॅटरीत गेलेली गंगा

कट्ट. पेडगावच्या आमच्या बापूरावच्या जीपचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्यानं जीपमध्ये मोठा टेप बसवला होता. गाडी उभी असली तरी टेप चालूच. परभणीच्या बॅटरीवाल्यानं त्याला बजावलं होतं, "लय बॅटरी खायलाय हा टेप. मोठी घेतलीस ते बरं केलंस, पण पाणी बघत जा. शुद्धच टाकायचं, हिरीचं न्हाई."

बापूरावनं हे घरी येऊन मायला सांगितलं. देवळीत तिचा गडू होता, गंगाखेडहून आणलेल्या गंगेच्या, म्हणजे आमच्याकडच्या गोदावरीच्या, पाण्याचा. स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी तिनं तो जपलेला. म्हातारीनं तोच बॅटरीत रिकामा केला. आम्ही हसलो.

"हसता काय रे? याच्याहून शुद्ध कोणतं हाय? माझ्या लेकराची गाडी अडू नगं."

काही दिवसांत बॅटरी मान टाकू लागली. टेप मात्र थांबला नाही. एका दुपारी म्हातारीच्या छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायला तिला जीपमध्ये निजवलं. बापूरावनं चावी फिरवली. कट्ट. पुन्हा कट्ट. आम्ही वेशीपर्यंत ढकलली, तरी गाडी चालू झाली नाही. म्हातारीचा श्वास तुटायला लागला. बापूरावनं आत चढून तिचं डोकं मांडीवर घेतलं.

मी म्हणालो, "बापू, तोंडात गंगा घाल तिच्या."

"गडू आण गं," तो जीपमागं आलेल्या बायकोला म्हणाला.

ती जागची हलली नाही. "गडूत काय हाय आता? मायनं समदं बॅटरीत वतलं की."

बापूरावनं मायचं डोकं हळूच बायकोच्या मांडीवर ठेवलं, आणि जीपकडं न बघता रानाच्या वाटेनं निघून गेला.