मामांची दाढी

—न्हाई, न्हाई, हलू नका मामा, ब्लेड कुठंय अजून, नुसतं गरम पाण्याचं फडकं हाय हे. पोळत तर न्हाई ना? मी आधी माझ्या मनगटावर लावून बघितलं, आपल्या आरूच्या आंघोळीचं पाणी बघते तसं. तुमी डोळे मिटले म्हणजे बराबर हाय असं समजते. हां, बराबर हाय. काल कात्रीनं बारीक केले तरी राठच हायेत केस, चार-पाच मिनिटं असंच राहू द्यायचं, भिजून मऊ पडले की मंग ब्लेडला ओढाताण करावी लागत न्हाई — दोन महिन्यांमागं दाखवायला गेलो तवा नांदेडच्या दवाखान्यातल्या बुद्धभूषण ब्रदरनं शिकवलं मला, त्यो तुमाला लकवा झाला तवा तुमच्या वार्डातला, उंच, तुमाला कुशीवर वळवायचा त्यो. ताई, म्हणला, यांची कातडी लै नाजूक हाय, वरून रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय, कापलं तर रक्त लवकर थांबणार न्हाई, तवा जपून. जपून म्हणला आन् रेझर माझ्याच हातात दिला.   

तुमी मनात म्हणत असाल, घरात एवढी माणसं, हिलाच काहून बसवलं? म्हणत असालच. सहा वर्षं झाली या घरात येऊन, तुमच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला न्हाई, आन् आज सून होऊन सासऱ्याची हनुवटी धरून बसले. पर मंग कुणाला सांगायचं? पहिल्यांदा तुमच्या लेकानं केली — सेनगावला जायची घाई, ब्लेड त्यांचंच, आठ-दहा येळा वापरलेलं, साबण अंगाचा, आन् खालून वर अशी ओढली जशी कढई खरवडून राहिले. तिसऱ्या दिवशी गळा लालभडक, पुळ्या, पुळ्यांत पू, रातभर ताप. मंग हरिचंदला बोलावलं, गावात दाढ्या करतो त्यो, हात हलका हाय त्याचा, मी नावं ठेवत न्हाई — पर शेवटी सवयीनं तुरटी घासली आन् वासाचं लोशन चोळलं, तवा तुमच्या डोळ्यातनं पाणी आलं. तुमच्या डोळ्यात पाणी मी पहिल्यांदा बघितलं, मामा. तुमाला ओरडता बी येईना. मामींचा हात तर चहाच्या कपालाच हलतो. राहिलं कोण? मी राहिले. आज मामी मुद्दाम आरूला घेऊन रुख्मिणीबाईच्या नातवाच्या बारशाला गेल्या, मला बघवत न्हाई म्हणल्या. तुमचा लेक उद्या नांदेडला जायच्या जीपचं बघायला गेला. घरात तुमी आन् मी.

फडकं काढते आता. गार पडलं. हे क्रीम लावते — बिनवासाचं हाय, परवा तुमच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ठेवलं होतं ना, आठवतं? तुमाला वाटलं असंल, हिचं काय चाललंय. ते बघायला लावलं होतं, दिवसभरात लाल होतं का, खाज येती का. न्हाई आली. बोटानंच लावते, ब्रश टोचतो तुमाला. असं गोल, गोल, सगळ्या केसांच्या बुडात जाऊ द्यायचं. ब्लेड नवंकोरं हाय, तुमच्यासमोरच पुडी फोडली. आन् आधी हात फिरवून बघायचं, केस कुणीकडं वळलेत. गालावर वरून खाली — सरळ हाय. पर गळ्याला बघा, डावीकडं वर चढलेत आन् उजवीकडं कानाकडं आडवे गेलेत. त्यांच्या वळणानंच जायचं, उलटं गेलं की केस कातडीच्या आत तुटतो आन् तिथंच पुळी धरते. तुमी सगळी जिंदगी उलटी ओढली. गाल चकचकीत पाहिजे म्हणायचे, आन् मंग दोन दिवस गळ्याला उपरणं गुंडाळून फिरायचे, कुणाला दिसू नये म्हणून. मला दिसायचं. मीच धुवायचे ना उपरणं, रक्ताचे ठिपके असायचे त्याला.

सुरू करते. डाव्या गालापासून, इकडचं तुमाला कळतं तरी. दाबायचं न्हाई, रेझरच्या वजनानं जेवढं जाईल तेवढं. एवढंसं ओढायचं, मगात खळबळून घ्यायचं, पुन्हा एवढंसं. — दुखलं? न्हाई? मंग भुवई काहून चढवली? बरं, क्रीम नाकात गेलं. पुसते. हे बघा, एक पट्टा निघाला, साफ, लाल बी न्हाई. आता तिथं पुन्हा ब्लेड फिरवायचं न्हाई. राहिली खुंटं तर राहू द्या, उद्या दवाखान्यातल्या त्या बोलायला शिकवणाऱ्या मॅडमला काय गाल आरशासारखा थोडीच पाहिजे. त्यांना नुसती कातडी दिसली पाहिजे, म्हणल्या, गालाला बोटांनी चोळून व्यायाम द्यायचा, पट्ट्या चिकटवायच्या, दाढीवर चिकटत न्हाईत. म्हणल्या, आजोबांचा आवाज येईल. सगळा न्हाई येणार, पर येईल, चार शब्द, दहा शब्द, समजतंय त्यांना सगळं, फक्त तोंडापर्यंत येत न्हाई. तुमच्या लेकाच्या डोळ्यात कसं तेज आलं तवा! मामींनी तर तिथंच बाकड्यावर बसून हात जोडले. मी बी हसले. हसले ना मी? तुमी माझ्याकडंच बघून राहिले होते. मी जवा वर बघितलं तवा तुमी माझ्याकडंच बघून राहिले होते.

आता उजवीकडं येते. ह्या बाजूनं मला जास्त भेव वाटतं, मामा. इथं तुमाला काईच कळत न्हाई — कापलं तरी तुमी सांगणार न्हाई, मला रक्तच दिसंल आधी. म्हणून गाल असा दोन बोटांनी नुसता आधार देऊन धरायचा, ताणायचा न्हाई. कापडाची घडी जवळच ठेवली हाय, कापलं तर दहा मिनिटं दाबून धरायचं, मधी उचलून बघायचं न्हाई. हा वण... हा उजव्या गालावरचा. ह्याच्यावरून ब्लेड न्यायचं न्हाई, बाजूनं न्यायचं.

ह्यो वण माझा हाय. म्हणजे, माझ्यामुळं. तुमी विसरले असाल. न्हाई विसरले? मी तर न्हाईच विसरले. तुमी इथंच बैठकीत, खिडकीला आरसा लावून, अंगात नुसतं बनियन, तोंडभर फेस — आन् मी चहा घेऊन तशीच आत आले. तुमी दचकले आन् कापलं. एवढं रक्त, फेसात मिसळून गुलाबी गुलाबी. आन् तुमचा आवाज! दोन शेतं ओलांडून जायचा तुमचा आवाज, मामा, त्यो सगळा माझ्या एकटीच्या अंगावर आला. हाक मारल्याबिगर ह्या खोलीत पाय टाकायचा न्हाई! — असं म्हणले. कप तिथंच पडला. मी काचा वेचल्या न्हाईत, हाक आली नव्हती ना, मामींनी वेचल्या. तवापासून मी पडद्याच्या बाहेर उभी राहायची, ताट घेऊन, चहा घेऊन, सूनबाई म्हणून तुमी म्हणलं की मंगच आत. भाजी गार व्हायची. ह्ये मला हसायचे. आरू झाली, ती आजोबा आजोबा करत आत पळायची, आन् मी बाहेरच.

आता थोडं थांबते. हात धुते. न्हाई, थकले न्हाई — बोटांना क्रीम लागून रेझर निसटतो.

मी तुमाला एक विचारू? तुमाला त्यो दिवस किती आठवतो? डॉक्टर म्हणले, कुणाला आठवतो, कुणाला न्हाई. मामी आन् ह्ये जवळ्याच्या बाजारला गेले होते. साडेनवाला तुमी चहा घेतला, कप उंबऱ्यावर ठेवला. दहा वाजले असतील, न्हाई, दहाच, शाळेची घंटा झाली होती — तांब्या पडला आत. मी चुलीपुढून उठले. पडद्यापर्यंत आले, मामा. पडदा धरला होता हातात. आन् आतून तुमचा आवाज आला, आ... आ... असा, पुन्हा आ... मोठा, चिडल्यावाणी. मी म्हणलं, तांब्या पडला म्हणून चिडले. म्हणलं, गेले तर अंगावर येतील. म्हणलं, सूनबाई म्हणतील मंग जाईन. तुमी सूनबाई म्हणले न्हाई. तुमाला म्हणता येत नव्हतं, आता कळतं मला, तवा कसं कळावं? तीच हाक होती. सूनबाईच म्हणून राहिले होते ना तुमी? डोळे मिटू नका. — मी तिथंच उभी होते. पडद्याखालून माझे पाय दिसत असतील. दिसत होते का? तुमी खाली पडलेले, तुमची नजर खालीच असणार. पाच महिने झाले, मी रोज तेच इचारते मला, की मामांना माझे पाय दिसले का.

मंग आवाज बंद झाला. आन् खरं सांगू — आता सांगतेच, ब्लेड खाली ठेवून सांगते — आवाज बंद झाला तवा मला बरं वाटलं. वाटलं, झोपले, सुटले मी. मी जाऊन भाकरी थापल्या. दोन वाजता आरू अंगणवाडीतून आली, पळत आत गेली आन् बाहेर येऊन म्हणली, मम्मी, आजोबा खाली झोपले. तवा मी आत आले. बिनहाकेची.

नांदेडला रात झाली पोहोचायला. डॉक्टरनं सगळ्यांपुढं इचारलं, पडल्याचा आवाज कुणी ऐकला का, नेमका कवा पडले? मी म्हणलं, न्हाई. साडेनवाला चहा घेतला, मंग दोनला बघितलं, मधलं ठाऊक न्हाई. डॉक्टर म्हणले, साडेचार तासांच्या आत पोहोचले असते तर एक इंजेक्शन देऊन बघता आलं असतं. देऊन बघता आलं असतं — तुमच्या लेकानं ते वाक्य घरी येईस्तोवर जीपमधी चार येळा म्हणलं. बाजारला गेलोच काहून, म्हणले. स्वतःलाच मारून राहिला तुमचा लेक, मामा, आन् मी शेजारी बसून त्याला पाणी देत होते.

आन् उद्या त्या मॅडम. हरिचंदनं केली त्याच्यानंतर मी ही दाढी का वाढू दिली, ठाऊक हाय? पुळ्या येतात म्हणून न्हाई. पुळ्या येतात हे खरंच हाय, ताप आला होता हे बी खरं, पर गेले दोन महिने मला समदं करता येत होतं. बुद्धभूषण ब्रदरनं शिकवून किती दिवस झाले! मी आज नको, उद्या नको करत राहिले. दाढी हाय तवर मॅडम न्हाईत, मॅडम न्हाईत तवर आवाज न्हाई. आन् आवाज आला की तुमचा पहिला शब्द... मला तर स्वप्नात बी त्योच ऐकू येतो. ही बाहेर उभी होती. एवढे चारच शब्द तुमाला पुरतात.

— मामा! मामा, मनगट सोडा! सोडा ना, हात ओला हाय माझा, बाजूलाच ब्लेड हाय, लागंल तुमाला — केवढा जोर हाय ह्या हातात! मी... माझं चुकलं, मामा. मी पाया पडते. मी सांगते त्यांना, आजच सांगते, जीप ठरवून आले की पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी सांगते, तुमाला सांगायची येळ येऊ देणार न्हाई. घराबाहेर काढतील तर काढू द्या. पर आरू... सोडा. हळू. असं.

तुमच्या डोळ्यातनं पाणी येऊन राहिलं. थांबा, टिपते, चोळत न्हाई, नुसतं टिपते — मिठाचं पाणी हाय, ताज्या दाढीला झोंबंल. नका रडू, मामा, सगळा गाल लाल होईल, मंग म्हणतील सुनेनं खराब केला. झालं सगळं. गळा राहू द्या. गळा हरिचंद करंल, मी त्याला सांगते तुरटी लावू नको म्हणून. माझ्याच्यानं आता न्हाई व्हायचं. तुमी तरी कसा द्याल माझ्या हातात गळा? मी असते तर दिला नसता. फेस पुसून टाकते आन् गार पाणी मारते.

काय? काय पाहिजे? उशी? उशी काढू? न्हाई? मंग मान काहून... मामा, तुमी मान वर केली? आपोआप गेली का तुमी केली? खाली घ्या. — पुन्हा. तुमीच केली. रेझरकडं बघून राहिले व्हय? ह्या रेझरकडं?

बरं. बरं, मामा. घेते. थोडं क्रीम पुन्हा लावते, वाळलं हाय. आधी हाताला केसांचं वळण बघू द्या. इथं वर चढलेत. इथं आडवे. गिळू नका आता, घाटी हलते. मी बी बोलत न्हाई. गळ्यावर ब्लेड असलं की बोलायचं नसतं.