डुकराला भेटायचा पास

रहिमतपूरच्या स्टँडवर पुष्कर सातारा गाडीची वाट बघत बसला होता. मागच्या बाकावर दोघे शेतकरी बोलत होते.

"दादासो, वनखात्यानं डुक्कर मारायचा परवाना दिला न्हवं तुला? मग आडलंय कुठं?"

"डुक्कर बसतंय सरकारी गायरानात, आन् गायरानाच्या चारी अंगाला त्या लाकूड कंपनीची निलगिरी. वाट त्यांच्या गेटातनंच हाय, मल्हारा."

"मग जायचं की गेटातनं."

"गेटावर फॉर्म भरायला लागतोय. कुणाला भेटायचंय त्याचं नाव लिवा म्हणं."

पुष्करने गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र हळूच शर्टात सरकवलं. तो फॉर्म त्यानेच तयार केला होता.

"मग काय लिवलंस?"

"रानडुक्कर. खोटं कशाला लिवू?"

"वॉचमन काय म्हणला?"

"मिलिट्रीतनं रिटायर झालेला गडी, नियमाला लय पक्का. म्हणला, भेटीची येळ ठरलीया का?"

"आन् डुकराला कोण इचारतंय का? तुझ्यावाणी माझा बी भुईमूग उकरून त्याच गेटाखालनं रोज परत जातंय."

"ते बी बोललो मी. म्हणला, ते आतलं हाय, पास भायेरच्याला लागतोय."

"म्हंजे राहिलंच म्हण की. परवाना तर रविवारी संपतोय."

"न्हाई, शेवटी पास दिला. फकस्त भायेर पडताना त्याच्यावर सही पायजे. ज्याला भेटलो त्याची."

"डुकराची?"

"मी बी तेच इचारलं. त्यानं लय येळ इचार केला गड्या. मग म्हणला, सही येत नसंल तर अंगठा चालंल."