वजा-बरोबर

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी, लॅपटॉप उघडा धरून.

"ताई, पुलावरच्या सेन्सरची चूक काढायला मी आकड्यांच्या यादीवर, म्हणजे अ‍ॅरेवर, फक्त वजा-बरोबर (-=) लिहिलं."

"अगं, त्याने नवी प्रत बनत नाही. मूळ आकडेच जागच्या जागी बदलतात!"

"साध्या संख्येला तर तसं होत नाही."

"अ‍ॅरेला होतं. ते वजाबाकीचं फंक्शन कितीदा चालवलंस?"

"आलेखासाठी एकदा, अहवालासाठी पुन्हा."

"म्हणजे दोनदा वजा झालं! पुलाचा खांब कललाय त्याहून कमी कललेला दिसला."

"अहवाल सकाळीच गेला. पूल सुरक्षित म्हणून."

"साहेबांना फोन लाव."

"उचलत नाहीयेत."

बस आली.

"ताई, चढायचं?"

"अक्कल गहाण ठेवलीस का? पुढची घेऊ."

"तीही त्याच पुलावरून जाते. आणि ताई, ही चढणारी माणसं?"

एव्हाना माझा एक पाय पायरीवर होता.